धरलेलं दार

१

पहिल्या पाळीची बस तनुजाला जालना रोडच्या कडेला सोडायची. तिथून घर हाकेच्या अंतरावर. पण ती सरळ घरी जात नसे. आधी गाड्यावरची कोथिंबीर उलटीपालटी करायची, घ्यायची नाही. मग मेडिकलमध्ये जाऊन सासूच्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी, गोळ्या घरात शिल्लक असल्या तरी. मग गल्लीचं एक वळण उगाच जास्तीचं. घरी गेलं की बसावं लागायचं, आणि बसलं की हात मोबाईलकडं जायचा.

तिचा नवरा सत्यम नेव्हीत होता. बोटीच्या इंजिनावर. निघताना त्यानं मेसेज टाकला होता, ‘आता रेंज नाय. काळजी करू नको. आईला जप.’ त्यावर तनुजानं बरंच काही लिहून पाठवलं. त्या सगळ्यापुढं एकच टिक होती. दुसरी उमटत नव्हती.

तसं हे नवीन नव्हतं. लग्नानंतर ती विशाखापट्टणमला क्वार्टरमध्ये राहिली, तिथं सगळ्याच जणी अशा एका टिकवर दिवस काढणाऱ्या. त्यामुळं कुणी कुणाला काही विचारत नसे. मग सासरे गेले. सासू साळूबाई पाचोडला धाकट्या मुलाकडं, गोकुळकडं, रमेना. म्हणून सत्यमनं चिकलठाण्याच्या नव्या कॉलनीत फ्लॅट बघितला आणि तनुजा सासूला घेऊन इथं आली. औषधांच्या कंपनीत पॅकिंग तपासायची नोकरीही लागली. सगळं नीट बसलं. फक्त इथल्या माणसांनी समुद्र बघितलेला नव्हता, त्यामुळं जो तो विचारायचा, "कधी येणार मग साहेब?"

"येतील," असं म्हणून ती जिना चढायची.

त्या दुपारी लाईट गेलेली होती. साळूबाई पुढच्या खोलीत पलंगावर आडवी होती. तनुजानं चहाचं आधण ठेवलं आणि साखरेचा डबा काढायला हात वर केला. ओट्याच्या वर भिंतीला स्टीलची पट्टी होती. तिच्यावर झारा, उलथणं, डाव, पळी ओळीनं टांगलेले. तिचा हात तिथंच थांबला.

सगळे डुलत होते. सगळे एकाच बाजूला जायचे, क्षणभर तिथंच राहायचे, मग परत. एकमेकांवर टेकले की बारीक आवाज. टिण्. मग बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्या बाजूला. टिण्.

पंखा बंद होता, खिडकी लावलेली. तिनं तळहातानं सगळे दाबून धरले. हात काढला. थोडा वेळ शांत राहिले आणि मग, एखाद्या माणसानं झोपेत कूस बदलावी तसे, हळूच एका बाजूला निघाले.

चहा उतू गेला.

२

भूकंप, हे पहिलं मनात आलं. मराठवाड्यातल्या माणसाच्या मनात तेच येणार.

"किल्लारीच्या टायमाला पाचोडातबी भांडी वाजली व्हती," साळूबाई पडल्या पडल्या म्हणाली. "पर ते खडाखडा. हे आसं नव्हतं." आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

‘हे असं’ म्हणजे कसं, हे तिला कसं कळलं, तो प्रश्न तनुजाला पुष्कळ वेळानं सुचला. तोवर ती जिना उतरून खाली मुनिराकडं गेली होती. मुनिरा तिच्या फ्लॅटच्या बरोबर खाली राहायची. नवऱ्याचं शहागंजात कापडाचं दुकान, आणि ही घरी ब्लाउजला काजबटण करायची.

"भाभी, आत्ता काही हललं का?"

"क्या हलेगा?" मुनिरानं दातातला दोरा तोडला. "विमान गया होगा. उतरता तो अपना टीव्ही भी थरथरता. तू बैठ, पानी पी. चेहरा देख तेरा."

विमान. तनुजाला ते पटलं. विमानतळ जवळच होता. वर जाऊन तिनं तरी मोबाईलमध्ये ते लेव्हल दाखवणारं ॲप टाकलं, गवंड्याच्या पाणसळीसारखं, मधे बुडबुडा असलेलं. मोबाईल फरशीवर ठेवला. बुडबुडा मधोमध. शून्य. फरशी सपाट, घर सरळ.

ओट्यावरचं लिंबू घरंगळत तिच्या बाजूला आलं. कडेशी येऊन थांबलं. मग परत भिंतीकडं गेलं.

बुडबुडा हलला नाही.

३

चांगल्या कंपनीत काम करणारी, डिप्लोमा झालेली बाई असल्या गोष्टी बोलत नाही. तनुजा बोलली नाही. ती फक्त बसायची बंद झाली. पडदे धुतले, माळा आवरला, फ्रिज सरकवून मागची जळमटं काढली. हात चालू असले की पायाखालचं कमी जाणवायचं. पण भाजी चिरताना मधेच ती एक पाय मागं टाकून उभी राहायची, आणि तोल गेल्यावर नाही, तोल जायच्या आधी. शरीराला आधी कळायचं. कंपनीत, रस्त्यावर, बसमध्ये काही नाही. घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की सुरू.

एक दिवस ती लवकर आली. दार ढकललं तर साळूबाई पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराकडं चालली होती. पाय फाकवून, गुडघे जरा वाकवून, एक हात भिंतीला. दोन पावलं टाकायची, थांबायची, जमीन परत येईपर्यंत वाट बघायची, मग पुढची दोन.

तनुजा चपला हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आई, चक्कर येती का?"

साळूबाई दचकली आणि एकदम सरळ झाली. "नाय गं. गुडघा." मग तिनं सुनेकडं निरखून बघितलं. सून दारात उभी होती, आणि तीही पाय फाकवूनच.

"तुलाबी व्हतं व्हय?" साळूबाईनं हलक्या आवाजात विचारलं.

तनुजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतके दिवस डोक्यात गाठ मारून ठेवलेलं कुणीतरी सोडवल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी भीती दुप्पट झाली. डोकं फिरलं असतं तर एकटीचं फिरलं असतं.

"मला वाटलं मलाच," ती म्हणाली.

"मलाबी तसंच वाटलं. म्हातारपन म्हनलं." साळूबाई पलंगाच्या कडेला धरून बसली. "ल्हान व्हते तवा मामाच्या गावाला जाया गोदागंगेत नाव व्हती. मधी गेली की आसं व्हायचं. पोटात खड्डा पडायचा. आदी वर, मंग खाली." तिनं तळहात हवेत धरून दाखवलं. तो हात वर गेला, जरा थांबला, खाली आला. आणि ओट्यावरून आवाज आला. टिण्.

दोघींपैकी कुणीच सत्यमचं नाव घेतलं नाही.

४

माणूस कशालाही सरावतं. साळूबाई डबे फडताळात आडवे ठेवायला लागली. तनुजानं पाण्याची कळशी कोपऱ्यात विटांच्या मधे बसवली. ज्या दिवशी घर हलकं हलकं डुलायचं त्या दिवशी तनुजाला बरंही वाटायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नसतं. दुपारी जरा पडलं की वाटायचं, बरंय. निघालंय. चाललंय. कुठंतरी एक माणूस इंजिनाशी उभा आहे आणि सगळं ठीक आहे. मोबाईलपेक्षा हे खरं होतं.

मग ज्या दिवशी जास्त व्हायचं त्या दिवशी ती कंपनीत जाईनाशी झाली. कारण काहीही सांगायची. घरी थांबून काय करणार होती, तर काही नाही. या खोलीतून त्या खोलीत. हात भिंतीवर, पदर खोचलेला.

मागच्या खोलीत सत्यमचं सामान होतं. त्याची लोखंडी पेटी, बूट, हिवाळी कपड्यांची बॅग. खोलीला पश्चिमेची खिडकी, दुपारनंतर सगळं ऊन आत. दार साधंच, बिल्डरनं लावलेलं हलकं, वाऱ्यानं सुद्धा आपटणारं. पण आता ते वाऱ्यानं आपटत नव्हतं. घर त्या बाजूला कललं की ते हळूहळू लागायचं. जड लागायचं. चौकटीला टेकताना जो आवाज व्हायचा तो लाकडाचा नव्हता. लोखंडावर लोखंड टेकावं तसा, आणि त्याचा घुमारा पायातून वर यायचा.

"हे दार बंद व्हता कामा नये," एकदा साळूबाई म्हणाली.

"का हो आई?"

"का ते मला इचारू नको. मला बगवत नाय, बास." तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला आणि दाराशी लावला. म्हातारीनं दोन्ही हातांनी कसाबसा आणलेला, चांगला दगडी वरवंटा.

दुसऱ्या दिवशी तनुजानं बघितलं तर दार लागलेलं होतं. वरवंटा फरशीवर ओरखडा काढत बाजूला सरकला होता. तिनं कडी धरून दार ढकललं. ते सहज उघडलं. आत ऊन, पेटी, बूट. ती खोलीभर फिरली. पेटीवर हात ठेवून बघितलं. पेटी गार होती, एवढंच. इतक्या उन्हात.

५

मुनिरा वर आली ती शीरखुर्म्याचा डबा घेऊन. दारातच थांबून तिनं कान दिला.

"मशीन लगाई क्या, तनुजा?"

"नाही. का?"

"नीचे घर्र घर्र आती ना. दोन-तीन दिवसांपासून. मैं समझी तू कपडे धो रही." ती आत आली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. मग तो हात तिनं काढून घेतला आणि ओढणीला पुसला. हात कोरडाच होता, तनुजानं बघितलं.

"ये काय की आवाज है गं?"

साळूबाई म्हणाली, "पान्याची मोटर आसंल."

"मोटर तो खाली है, आजी. मोटरची आवाज मला माहिती."

मुनिरा बसली नाही. पण जाताना तिनं तनुजाचं मनगट धरलं आणि तिला जिन्यापर्यंत ओढत आणलं. तिथं तिनं तिला नीट बघितलं. गालाची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं.

"सच बोल. खाना खाती का तू? सोती का? सत्यमभाईचा फोन आला काय?"

"नाही आला."

"तो फिर घर से बाहेर निकल जरा. चार दिवस पाचोडला जा. इथं नको राहू." आणि जरा थांबून, "मैं भी वो पिछले कमरे में सिलाई नहीं करती आजकल. पुढच्या खोलीत बसते."

तनुजानं मान हलवली. घर सोडून जायचं हे तिच्या मनात येऊनही गेलं होतं. पण ती गेली तर मागच्या खोलीचं दार कोण बघणार? हा विचार तिनं स्वतःशी पूर्ण केला, आणि तो किती सरळ वाटला याचंच तिला नवल वाटलं.

मुनिरानं त्याच संध्याकाळी गोकुळला पाचोडला फोन केला. दोघी बायका बऱ्या दिसत नाहीत, येऊन घेऊन जा, असं सांगितलं. चांगल्या मनानंच सांगितलं.

६

ते सुरू झालं तेव्हा बाहेर स्वच्छ ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या. शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत होती. तनुजानं हे सगळं खिडकीतून बघितलं आणि त्याच क्षणी घर असं वर चढलं, की तिचे पाय फरशीवर असून नसल्यासारखे झाले.

मग ते खाली गेलं. आणि एका बाजूला कललं.

पलंग सरकत भिंतीला जाऊन भिडला. फडताळातलं सगळं एकदम कोसळलं. साळूबाई खाली पडली ती फरशीवरून घसरत मागच्या खोलीच्या चौकटीपर्यंत गेली, आणि तिनं चौकट धरली. तनुजानं मनात म्हटलं, आता परत येईल. नेहमी परत येतं. पण घर परत येईना. ते तसंच कललेलं राहिलं, आणि मागच्या खोलीचं दार निघालं.

"धर!" साळूबाई ओरडली. "धर गं ते!"

तनुजानं अंग टाकून दार धरलं. खांदा लावला, गाल लावला. दाराला वजन होतं. असलं वजन तिनं आयुष्यात कधी अंगावर घेतलं नव्हतं. फट राहिली होती हातभर. तिथून ऊन यायला हवं होतं. ऊन नव्हतं. डिझेलचा वास येत होता आणि कुठंतरी खोल, खाली, कुणीतरी लोखंडावर काहीतरी आपटत होतं. थांबून थांबून. हाका मारायचा दम संपलेल्या माणसानं आपटावं तसं.

तिला फट दिसत नव्हती. तिचं तोंड दाराला दाबलेलं होतं. साळूबाईला दिसत होती. ती खाली पडली होती आणि तिचं तोंड त्या फटीकडं होतं. तनुजाला फक्त सासूचा चेहरा दिसत होता. तो चेहरा बदलत गेला.

"बोटं," साळूबाई म्हणाली. मग किंचाळली, "बोटं हायेत गं! दाराला बोटं हायेत! सोडू नको! पोरी, सोडू नको!"

तनुजानं डोळे मिटले. पायाच्या अंगठ्यांत जोर आणला. दार थांबलं. खरंच थांबलं. आणि तिला कळलं की पलीकडूनही कुणीतरी दार धरलंय. तिच्यासारखंच. मधे फक्त दार होतं. एक श्वास तिच्या बाजूला, एक पलीकडं. ती त्याला काही म्हणालीसुद्धा. काय म्हणाली ते तिला नंतर आठवलं नाही.

"वहिनी!"

गोकुळ होता. पुढचं दार नुसतं लोटलेलं, तो आत आला होता. त्याला काय दिसलं असेल? आई फरशीवर पडून ओरडतेय, घरभर डाळ-तांदूळ, आणि वहिनी एका दाराला चिकटलेली, डोळे मिटून, दातखीळ बसल्यासारखी. तो मात्र नीट उभा होता. सरळ. त्याला काहीच होत नव्हतं.

"वहिनी, सोडा. सोडा ते. काय झालंय तुम्हाला?"

"गोकुळ, नको! गोकुळ, हात लावू नको तिला!" साळूबाई ओरडत होती. पण तो घाबरलेला होता. त्यानं वहिनीचा दंड धरला आणि ओढला. सुटेना, तेव्हा तिची बोटं एकेक करून दारावरून सोडवली. शेवटचं बोट सुटलं.

दार लागलं. त्या आवाजानं साळूबाईनं कानांवर हात घेतले.

आणि घर सरळ झालं. एकदम. रिक्षाचा हॉर्न पुन्हा ऐकू आला.

गोकुळनं एका हातानं दार उघडलं. "बघा. काय हाय इथं? काय बी नाय." आत ऊन होतं. पेटी होती. बूट होते.

७

त्यानंतर घर हललं नाही. डाव, पळी, झारा, सगळे आपापल्या जागी गप्प. घर म्हणजे कसं गप्प असतं हे तनुजा विसरलीच होती. आता ती रात्रंदिवस हलायची वाट बघत होती, आणि घर हलत नव्हतं. ती फरशीवर आडवी पडून कान लावायची. काही नाही.

गोकुळ दोघींना पाचोडला न्यायला तयार होता. साळूबाई जागची उठेना, शेवटी तो एकटाच परत गेला. ती त्या दारासमोर बसून राहायची, आणि तनुजानं ताट पुढं केलं की घ्यायची, पण तिच्याकडं बघायची नाही. एकदाच म्हणाली, "तुजा काय दोष नाय." पण ते दाराकडं बघत म्हणाली.

आणि मग फोन आला. बोटीच्या युनिटमधून, कुणीतरी हिंदीत, अगदी शांतपणे. समुद्र खवळला होता, बोटीत थोडं पाणी शिरलं होतं, आता सगळं ठीक आहे. सत्यम ठीक आहे. त्याला सुट्टी मिळाली आहे. मागोमाग सत्यमचाच फोन. आवाज लांबून यावा तसा, पण त्याचाच.

"तने, येतोय मी."

तनुजा मटकन खाली बसली. इतकी रडली की मुनिरा धावत वर आली. मुनिरानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, म्हणाली, "बघ, मैं बोली थी ना? सब ठीक है." आणि त्या रडण्यात, सगळ्याच्या तळाशी, एक लहानशी गोष्ट हलत राहिली: दार तर लागलं होतं. ती तनुजानं मुनिरालाही सांगितली नाही.

साळूबाईला बातमी सांगितली, तेव्हा तिनं हात जोडले नाहीत. तिनं विचारलं, "त्याच्या बोटांला काय झालंय का?"

८

सत्यम आला. वाळला होता, जरा रंग उतरला होता, बाकी तोच. कॉलनीत सगळ्यांनी विचारलं, त्यानं सगळ्यांना हसून उत्तरं दिली. साळूबाईनं त्याला दारातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग त्याचे दोन्ही हात हातात घेऊन बोटं बघितली. एकेक बोट, पुढून, मागून. कुठं व्रण नाही. साधं खरचटलेलंही नाही. इंजिनावर काम करणाऱ्या माणसाची नखं कायम काळी असतात. त्याची पांढरी होती. फार वेळ पाण्यात राहिलेल्या हातांसारखी.

"काय बघती आई?" तो हसला.

"काय नाय रं," म्हणून ती आत गेली, ती स्वयंपाकघरातच राहिली.

दुपारी तनुजानं त्याच्या आवडीची येसराची आमटी केली. तो खाली मांडी घालून बसला. भाकरी चुरली, वर आमटी ओतून घेतली. तनुजा त्याच्यासमोर बसली, त्याला जेवताना बघत. किती दिवस ती याचीच वाट बघत होती. त्याचे केस वाढलेत. कानामागं तीळ तसाच. तो चवीनं जेवत होता.

आमटी ताटात एका बाजूला गोळा झाली होती. डाव्या कडेला काठोकाठ, उजवीकडं ताट कोरडं.

फरशीला उतार असेल, तिला वाटलं. तिनं काही न बोलता ताट जरा फिरवलं. तो खात होता, त्याचं लक्ष नव्हतं. ताटाला त्याचा हात लागला, आणि आमटी शांतपणे परत डावीकडं गेली.

"पाणी दे गं."

तिनं पेला भरला. काचेचा, पाहुण्यांसाठी ठेवलेल्यातला. तिच्या हातात पाणी सपाट होतं. तिनं ते मुद्दाम बघितलं. त्यानं पेला घेतला. पाणी तिरपं झालं. पेला सरळ, त्याचा हात सरळ, आणि पाणी एका बाजूनं काठापर्यंत चढलेलं, दुसऱ्या बाजूनं तळाला लागलेलं. सांडत नव्हतं. तसंच राहिलं, कललेलं.

तो प्यायला नाही. पेला हातात धरून तिच्याकडं बघत राहिला.

"तने, तुला एक विचारू का?"

"विचारा की."

"पाणी भरत व्हतं तवा मी आत व्हतो. दार लावायचा हुकूम झाला. लावायलाच लागतं, नायतर सगळी बोट जाती. मी पळत आलो, तवर दार लागत आलं व्हतं. मी बोटं घातली." तो अगदी साध्या आवाजात बोलत होता, बाजारातली गोष्ट सांगावी तसा. "आन् ते थांबलं. भाईरून कुणीतरी धरलं व्हतं. नंतर मी समद्यांना विचारलं. भाईर कुणीच नव्हतं, तने. पर मला कळलं व्हतं. मला आवाज आला तुझा."

तनुजानं तांब्या खाली ठेवला. "काय म्हणाले मी?"

"सोडत नाही, म्हनलीस."

पेल्यातलं पाणी आणखी चढलं. काठाच्या वर गेलं, फुगलं, आणि तिथंच थांबलं.

"तू नाय ना सोडलं?" सत्यमनं विचारलं. त्याच्या डोळ्यांत खरंच प्रश्न होता. त्याला माहीत नव्हतं. दारामागून हाक मारावी तसं तो तिच्याकडं बघत होता.

तनुजानं वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात साळूबाई उभी होती, पदर तोंडाशी धरून. दार लागलं त्या दुपारी ती तिथंच होती. तिनं सगळं बघितलं होतं. ती नकारार्थी मान हलवत होती, बारीक, घाईघाईनं, ‘नाही म्हण’ असं लहान लेकराला खुणावावं तशी.

"नाही," तनुजा म्हणाली. "नाही सोडलं मी."

पाणी हळूहळू खाली आलं. सपाट झालं. सत्यमच्या खांद्यातला ताण गेला, चेहऱ्यावर रंग आला. त्यानं एका दमात पेला रिकामा केला आणि पुढं केला. "आणखी दे."

तिनं तांब्यातून पाणी ओतलं. ते त्याच्या हातात जाताच एका बाजूला निघालं.

सत्यमनं पेल्याकडं पाहिलं नाही. तो तिच्याकडं बघत होता. जरासा ओशाळून, काहीतरी कधीपासून मनात असलेलं पहिल्यांदाच विचारायला निघाल्यासारखा.

"तने," तो म्हणाला, "तुला एक विचारू का?"

साळूबाई भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"सांग त्याला," ती म्हणाली. "जवर जीव हाय तवर सांगत ऱ्हा, बाई."